टिंकू बबलगमचे चोवीस अंपायर

१ जानेवारी २०२५, बुधवार. फोरबर्ग.

संकल्प. एकच. गेल्या वर्षी अकरा केले होते, तिथेच चुकलं. फोकस राहत नाही.

तर: टिंकू बबलगमची अंपायर सिरीज पूर्ण करणे. चोवीस कार्डं. डेडलाइन १७ मे, माझ्या मुलीचा, मृण्मयीचा, बारावा वाढदिवस.

म्हातारपणी हे वाचताना मलाच संदर्भ लागणार नाही, म्हणून नीट लिहून ठेवतो. मी नऊ-दहा वर्षांचा असताना चिंचवडला टिंकू बबलगम मिळायचं. आत क्रिकेटचं एक कार्ड. बॅट्समन निघाला तर मागे चार नाहीतर सहा रन छापलेले. शंभर रन जमले की दुकानदार प्लॅस्टिकची वीतभर बॅट द्यायचा. अंपायर निघाला तर शून्य रन. पुढच्या बाजूला पांढऱ्या कोटातला एक माणूस हात वर, हात आडवे, एक पाय वर, असं काहीतरी करत उभा. मागे क्रिकेटचा नियम. पोरं अंपायर निघाला की शिवी हासडून तिथल्या तिथे गटारात टाकायची. मला आयुष्यभर अंपायरच निघाले.

आणि म्हणूनच आज हा सेट सोनं आहे. बॅट्समन सगळ्यांनी जपले, ते ढिगाने मिळतात. अंपायरकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. साधं सप्लाय-डिमांड आहे, पण लोकांना कळत नाही.

शिवाय तो वास! गुलाबी गमची पांढरी पावडर कार्डाला लागलेली असायची, ती आम्ही चाटायचो. त्या चवीसाठी आज मी काय वाटेल ते देईन.

घरची परिस्थिती: बायको सुमेधा आणि मृण्मयी ऑगस्टपासून मास्ट्रिख्टला, या डच देशाच्या पार दक्षिण टोकाला. सुमेधाला तिथल्या विद्यापीठात रिसर्चची पोझिशन मिळाली. माझं ऑफिस स्लोटरडाइकला, इथून ट्रेनने तासाभरावर, म्हणून मी इथेच. दोन पत्ते, एक कुटुंब. हल्ली कितीतरी लोक असं करतात. मृण्मयी एक वीकेंड आड येते.

जुलैमध्ये तिची लहान शाळा संपेल. पुढची मोठी शाळा इथली की तिथली, हे मार्चमध्ये ठरवायचं आहे. जिथली शाळा, तिथे राहणार. सुमेधाचं म्हणणं, निर्णय मृण्मयीचा, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. मी ताबडतोब हो म्हटलं. पोरगी फोरबर्गमध्ये वाढली, बाप फोरबर्गमध्ये, शाळा घरापासून सायकलने दहा मिनिटं. निकाल उघड आहे. सुमेधाला वाईट वाटेल, पण तिचीच अट.

कार्डं हा वरचा बोनस. माझे बाबा परभणीला नोकरीला होते, महिन्यातून एकदा चिंचवडला यायचे, आणि येताना टिंकूची पाकिटं आणायचे. तेवढ्यावर आमचं नातं पोलादासारखं घट्ट राहिलं. फॉर्म्युला सिद्ध झालेला आहे.

४ जानेवारी, शनिवार

फेसबुकवर कोल्हापूरचे दिनकर सरनोबत सापडले. रिटायर्ड माणूस, काड्यापेट्या, तिकिटं, कार्डं, सगळं जमवतात. व्हिडिओ कॉल केला. मी अंपायर हा शब्द उच्चारताच ते इतके हसले की मागून त्यांच्या मिसेस बघायला आल्या. म्हणाले, अहो तीस वर्षांत अंपायर मागणारे तुम्ही पहिलेच, बिस्किटाच्या डब्यात दोन-तीन सेट पडून असतील, पोस्टाचा खर्च द्या आणि घेऊन टाका की.

मी चेहरा निर्विकार ठेवला. बिचाऱ्यांना आपल्या डब्यात काय आहे याची कल्पनाच नाही. एकदम सगळं मागितलं असतं तर संशय आला असता. म्हणून सध्या फक्त सात मागवली.

१२ जानेवारी, रविवार

मृण्मयी येऊन गेली. कार्डं शुक्रवारीच पोचली होती. त्यांच्याबरोबर सरनोबतांनी पोह्याचे पापड पाठवले आहेत, चुरा झालाय, पण चव उत्तम.

सातही कार्डं टेबलावर मांडून दाखवली. तिने डचमध्ये विचारलं, हे कोण. मी मराठीत सांगितलं, अंपायर. तिने इंग्रजीत विचारलं, फेमस आहेत का. म्हटलं, अजिबात नाही, तीच तर गंमत. ती नाइस म्हणाली. मग मी तिला लेग बायची खूण करून दाखवली, एक पाय उचलून गुडघ्यावर हात मारून, आणि तोल जाऊन सोफ्यावर पडलो. ती खूप हसली. बाँडिंग झालं.

वास घेऊन बघितला. पापडाचा येतो.

जाताना जाड कोट आणि बूट घेऊन गेली. मास्ट्रिख्ट दक्षिणेला असूनही तिकडे थंडी जास्त असावी.

२५ जानेवारी, शनिवार

आमच्या इथल्या शाळेचा ओपन डे. मृण्मयीला घेऊन गेलो. गणिताच्या सरांना मी अभ्यासक्रमाबद्दल बरेच प्रश्न विचारले. त्यांनी शेवटी कॉफी कुठे मिळते ते दाखवलं. मृण्मयी शांत होती. भारावून गेली असावी.

एकदाच तिने स्वतःहून काही विचारलं. इथून बाबा ऑफिसला किती वाजता निघतो आणि किती वाजता येतो, असं. म्हटलं, सातला निघतो, सातला येतो, पण त्याची तू काळजी करू नकोस, शाळेत तुला छान वेळ जाईल. समंजस आहे पोरगी, ओके म्हणाली.

सरनोबतांकडून आणखी पाच. एकूण बारा. अर्धा गड सर.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज एक कठोर पण आवश्यक गोष्ट केली. तपशील लिहून ठेवतो, पुढे तिला कधी सांगता येईल.

सुपरमार्केटमध्ये सध्या दहा युरोच्या खरेदीवर फुटबॉलच्या कार्डांचं पाकीट देतात. मृण्मयी दुपारी फ्लरला भेटायला गेली. फ्लर म्हणजे तिची इथल्या जुन्या शाळेतली मैत्रीण. मी दूध आणायला गेलो तर काय, या दोघी आणि आणखी चार-पाच पोरी सुपरमार्केटच्या दारात उभ्या! बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारतायत, कार्डं आहेत का, कार्डं आहेत का. हात पुढे करून. आपली मुलगी! बाप सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, आई पीएचडी, आणि मुलगी दुकानाच्या दारात मागत उभी!

मी तिचा दंड धरला आणि तिथून आणली. वाटेत समजावलं की आपल्यात असं लोकांपुढे हात पसरत नाहीत. थोडा आवाज चढला असेल. माणसं बघत होती. फ्लरही बघत होती. मृण्मयीच्या हातातली कार्डं दारातच पडली, मी म्हटलं राहू दे.

घरी आल्यावर ती जेवली, दरवाजा लावून बसली. म्हणजे पटलं तिला. मी दाराबाहेरून तिला सांगितलं की आपल्याकडे याहून भारी कार्डं आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार. ऑफिस.

लंचला विराजला हे सांगितलं. विराज माझ्या टीममध्ये आहे, दहा वर्षं इथे, दोन मुलं. मला वाटलं तो दाद देईल. त्याने काटा खाली ठेवला आणि मला विचारलं की तुला खरंच माहीत नव्हतं का. म्हणाला, अरे इथे सगळी पोरं दारात उभी राहतात, आमचा मल्हार रोज असतो, त्याच्या शेजारी आमच्या हाउसआर्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, मुलगी असते. लोक मुद्दाम कार्डं हातात धरून बाहेर येतात, त्यांनाही मजा वाटते. ती भीक नाही रे बाबा, तो खेळ आहे. मल्हारला इथे जे काही मित्र मिळाले ते त्या दारात मिळाले.

मग म्हणाला, आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सॉरी म्हण.

मी करणार होतो. पण विचार केला, सॉरी म्हटलं की बाकीच्या शिकवणुकीचाही पाया ढासळतो. शिवाय ती शाळेत असेल. आणि संध्याकाळी तिची हॉकी. एकूण फोनपेक्षा कृती बरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईचा फोन. तिला अंपायर सिरीजची प्रगती सांगितली. सोळा झाली. माझी जुनी कार्डं कुठे आहेत विचारलं. रद्दीत गेली म्हणाली, घर बदललं तेव्हा, तूच म्हणालास टाक.

मी असं कसं म्हणेन? म्हटलं, आई, माझा जीव होता त्या कार्डांत. तर म्हणते, कसला जीव, पाकीट फोडून खाटेखाली टाकायचास, मी केर काढताना मरायची. तुझा जीव बसस्टॉपवर असायचा. बाबा यायचे त्या शनिवारी सकाळपासून तिथे जाऊन उभा. जेवायला हाका मारून घसा सुकायचा माझा. आणि रविवारी ते निघाले की ताप यायचा तुला. डॉक्टर जोशी म्हणायचे, यावर औषध एकच, यांची बदली करून घ्या. घेतली शेवटी त्यांनी, प्रमोशन सोडून.

हे प्रमोशनचं मला माहीत नव्हतं.

आईचं वय झालंय. आठवणींची सरमिसळ होते. ताप मला टॉन्सिल्समुळे यायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कृती केली.

ऑफिस सुटल्यावर स्लोटरडाइक स्टेशनजवळच्या सुपरमार्केटच्या दारात उभा राहिलो. फोरबर्गमध्ये ओळखीचे भेटतात, म्हणून इथे. गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र मुद्दाम बाहेर ठेवलं, गैरसमज नको.

पहिली पंधरा माणसं गेली, मी नुसता हसत उभा. मग एका आजीबाईंना विचारलं. त्यांनी पर्स उघडली, पन्नास सेंट काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि वर थंडी आहे, जपा म्हणाल्या. मी त्यांच्यामागे धावलो, नको नको, कार्डं, फुटबॉल, माझ्या मुलीसाठी. त्या घाबरून ट्रॅममध्ये चढल्या.

त्यानंतर मात्र भीड चेपली. आमच्या फायनान्सचा हेड बाहेर आला, त्यालाही विचारलं. त्याने दिली. दीड तासात दोन्ही खिसे भरले. खोटं कशाला लिहू, मजा आली.

शेवटी दुकानाची मॅनेजर आली. मुलगी केवढी आहे विचारलं. बारा होईल म्हटलं. तर म्हणाली, मग तिलाच पाठवा की, मुलांना स्वतः मागायलाच आवडतं, कार्डं काय, दोन दिवसांनी टाकून देतात. मी म्हटलं, ती मास्ट्रिख्टला आहे. ओह, म्हणाली, आणि काउंटरवरची उरलेली सगळी पाकिटं आणून दिली. सेल्समनशिप!

२२ फेब्रुवारी, शनिवार

मृण्मयी आली. सगळी पाकिटं तिच्या उशीवर रचून ठेवली होती, वर रिबन. तिने पाहिली. खूप वेळ पाहिली. मग इंग्रजीत म्हणाली, थँक यू बाबा, बट आय डोंट डू दॅट एनीमोअर. अल्बम त्याच रविवारी, परत जाण्याआधी, फ्लरला देऊन टाकला म्हणे.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मुलांच्या आवडी बदलतात. तज्ज्ञही हेच सांगतात. उलट मैदान मोकळं झालं, आता अंपायर एके अंपायर.

२३ फेब्रुवारी, रविवार

परत जाताना तिने सायकल नेली. इथे लोळत पडण्यापेक्षा तिकडे व्यायाम होईल, हे मीच म्हटलं. सायकलचं वेगळं तिकीट मीच काढलं, डब्यात मीच चढवली. पेडल पोटरीला लागलं, काळानिळा डाग पडलाय.

सायकल गेली म्हणजे मुलगी गेली, असं इथे म्हणत असतील तर मी तरी ऐकलेलं नाही.

९ मार्च, रविवार

या वीकेंडला आली नाही. शाळेचा प्रोजेक्ट. विषय विचारला तर तिकडच्या मास नदीचा पूर. चांगला विषय आहे.

तिची खोली झाडून घेतली. कपाटात एक स्विमसूट आणि हिवाळ्यातला एक मोजा. एकच. दुसरा मिळेना, खाटेखालीही बघितलं. खाटेखाली फुटबॉलची पाकिटं होती, रिबनसकट. जपून ठेवली आहेत तिने.

१४ मार्च, शुक्रवार

सेट पूर्ण!!!

चोवीसच्या चोवीस. सरनोबतांनी शेवटची आठ एकदम पाठवली, आणि वर चिठ्ठी, आता तरी सांगा हो, हे कुणासाठी. फोन करून सांगितलं, मुलीसाठी. ते म्हणाले, मुलीला अंपायर आवडतात होय? म्हटलं, आवडतील. म्हणाले, माझा मुलगा सिंगापूरला असतो, मी त्याच्यासाठी कपाटभर जमवलंय, तो आला की कपाटाला पाठ करून झोपतो. आणि पुन्हा पहिल्यासारखे मोठ्याने हसले. चमत्कारिक माणूस. तुलना कुठे करावी याचा पोच नाही.

कार्डांसाठी लाकडी पेटी ऑर्डर केली. आत मखमल. एक कार्ड हळूच चाटून पाहिलं. पुठ्ठ्याची चव आली.

शाळेचा निर्णय पुढच्या आठवड्यात. मी तिच्या खोलीसाठी नवीन डेस्क बघून ठेवलंय.

१९ मार्च, बुधवार

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. सुमेधा बाजूला बसली होती, स्क्रीनमध्ये तिचा फक्त खांदा. मृण्मयी ताठ बसली होती, केस विंचरून, स्पर्धेला बसतात तशी. आणि मराठीत बोलली. एरवी चार शब्द मराठीत काढायला जड जातात तिला. आज सबंध वाक्यं. बाबा, मी मास्ट्रिख्टची शाळा निवडली आहे. माझ्या मैत्रिणी इथे आहेत. तू रागावू नकोस. मला तू आवडतोस. मी सुट्टीत येईन.

पाठ केली होती. मध्ये एकदा अडखळली तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू केलं. म्हणजे दोनदा ऐकावं लागलं मला.

मी म्हटलं, अरे वा, मराठी किती सुधारलंय तुझं. ती हसली, इतकी सुटल्यासारखी हसली. सुमेधाचा खांदा हलत होता.

डेस्कची ऑर्डर कॅन्सल करायला हवी.

२० मार्च, गुरुवार

रात्री नीट विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. मोठ्या शाळेचं पहिलं वर्ष हे मुळातच चाचपणीचं असतं. शाळा बदलता येते. बाराव्या वाढदिवसाला सेट हातात पडला की तिला आपली मुळं कळतील. मुळं कळली की माणूस परत येतो.

डेस्क कॅन्सल केलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सुमेधाने एक प्लॅनिंग मीटिंग ठेवली होती, उट्रेख्टला, दोघांच्या मध्यावर. एक तिऱ्हाईत डच बाई होत्या, दोघांचं ऐकून घेणाऱ्या. मी स्लाइड्स नेल्या होत्या. पहिलीच स्लाइड, तात्पुरती व्यवस्था: पुढील टप्पे. बाईंनी सुमेधाला विचारलं की तुमच्या मते हे तात्पुरतं आहे का. सुमेधा नाही म्हणाली. मग रडली. मग म्हणाली, आशुतोष, मी हे तुला ऑगस्टमध्ये सांगितलं, दिवाळीत सांगितलं, आणि दर वेळी तू मला ट्रेनचं टाइमटेबल पाठवलंस.

बाईंचं इंग्रजी यथातथाच होतं. भाषेमुळे बरेच गैरसमज होतात. स्लाइड्स तिसरीपर्यंतच झाल्या.

१७ मे, शनिवार. सकाळ, मास्ट्रिख्टच्या ट्रेनमध्ये.

पेटी मांडीवर. इस्त्रीचा शर्ट. बोलणं तयार आहे: आधी सेट द्यायचा, मग बाबांची गोष्ट, परभणीची बस, पाकिटं. मग सहज म्हणायचं की शाळेचा अजून एकदा विचार कर. रडवायचं नाही. हलकं ठेवायचं. लेग बायची खूण करता येईल.

माझी खात्री आहे. बाईंडहोव्हन गेलं. नाही, आइंडहोव्हन. ट्रेन हलते, अक्षर चुकतं.

१८ मे, रविवार

लिहायचं नव्हतं.

इथल्या रीतीने खुर्च्या गोलात मांडलेल्या. येणारा प्रत्येक पाहुणा गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवतो आणि मुलीबद्दल अभिनंदन म्हणतो. मलाही म्हणाले. पहिल्या चार-पाच जणांपर्यंत माझी छाती फुगली. आपल्याला बाप म्हणून ओळखतात, वाटलं. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही तेच म्हणताना ऐकलं. त्या कुत्र्याला घेऊन आल्या होत्या. हे सगळ्यांनाच म्हणतात.

शेजारच्या गृहस्थाने मला विचारलं, आपण कोण. मी तोंड उघडायच्या आत मृण्मयी आली आणि डचमध्ये म्हणाली, हे माझे बाबा, फोरबर्गहून आलेत. आणि केकची पहिली प्लेट मला दिली, मी सगळ्यांत लांबून आलो म्हणून. सुमेधानेही दोनदा विचारलं, अजून घेतोस का. कुणी वाईट वागलं नाही.

पेटी तिने नीट उघडली. चोवीसही कार्डं एकेक करून पाहिली, मैत्रिणी हाका मारत होत्या तरी. मग विचारलं, ही आजोबांनी तुला दिलेली का. म्हटलं, नाही, ती गेली, ही कोल्हापूरच्या एका काकांकडून घेतली. ओह, म्हणाली. मग म्हणाली, आजोबा आणायचे तेव्हा तुम्ही दोघं काय करायचात.

मला आठवेना. खरं सांगायचं तर आठवलं, आणि सांगता येईना. काहीच करायचो नाही. पायरीवर बसायचो. ते चपला काढून पाय मोकळे करायचे आणि मी त्यांना टेकून बसायचो. बस. कार्डात काय निघालं ते बघायलासुद्धा उशीर व्हायचा.

शाळेबद्दल बोललो नाही. तिच्या भिंतीवर नव्या शाळेचं वेळापत्रक आधीच लागलंय. मी मूर्ख आहे. पाच महिने मी एका बिस्किटाच्या डब्याशी घासाघीस करत बसलो आणि ती माझ्या घरातून एकेक वस्तू नेत होती, माझ्यासमोर, मला विचारून. सायकल मी उचलून दिली. ती आता घरी यायची नाही. भेटायला येईल. परतीच्या गाडीत रुरमोंड स्टेशन येईपर्यंत रडलो, लोक दुसऱ्या डब्यात गेले.

निघताना ती दारापर्यंत आली होती. म्हटलं, मग पुढच्या वीकेंडला? तिने फोन काढला. पुढच्या वीकेंडला हॉकीची टूर्नामेंट, मग कुणाकडे तरी राहायला जायचंय, मग कॅम्प. बोटाने वर सरकवत गेली. अठ्ठावीस जून, शनिवार, पाच वाजेपर्यंत, चालेल का तुला? कपाळाला आठी. मला जमणार नाही की काय, याची खरी काळजी वाटत होती तिला.

मीही फोन काढला. कॅलेंडर उघडून थोडा वेळ बघितलं. जून कोरा होता, जुलै कोरा होता. जमेल, म्हटलं.

तिने बाबा असं टाइप केलं, वेळ टाकली. मग विचारलं, आदल्या दिवशी आठवण करू का तुला. म्हटलं, नको, राहील लक्षात.